बाळारामभाऊंच्या गाडीचा बेस

आमच्या बाळारामभाऊंच्या गाडीला इंजिन नव्हतं. आधी होतं. ते त्यांनी विकलं आणि त्या बदल्यात डिकीत बसवायला दोन मोठे स्पीकर आणले. "गारी जाऊन जाऊन जानार कुठं? शीळफाट्यापावत," ते म्हणायचे. "बेस बघ कुठपावत जातो!"

गावात हळद असली की ती गाडी ढकलत न्यायची. मागून चारपाच जण जोर लावायचे आणि स्टेअरिंगवर भाऊ, इस्त्रीचा शर्ट घालून. वळण आलं की खिडकीतून हात बाहेर काढून खूण करायचे. मागे म्हशीशिवाय कोणी नसलं तरी करायचे.

मांडवाबाहेर गाडी लागली, डिकी उघडली, कॅसेट घातली, की भाऊ डॉक्टरासारखे माणसामाणसाजवळ जायचे. "पोटान आयला क?" म्हणजे बेस पोटात जाणवला का. कानाला ऐकू येतं ते त्यांच्या हिशेबी गाणंच नव्हे. एकदा त्यांनी माझ्या सासूबाईंना धरून मागच्या सीटवर बसवलं.

"मामी, पोटान आयला क?"

"आयला रं बाबा, आता सोर मना, चुलीवर कालवन हाय!"

"नाय आयला. तुमी घाईन बोलतंव." आणि आवाज आणखी वाढवला.

त्यांची बायको यमुनाबाय गावाची धवलारीण. धवलारीण म्हणजे लग्नाच्या विधींची गाणी म्हणणारी बाई. हळदीच्या धवल्यात ती आधी गावदेवाला बोलावते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते, की या, तुमच्या लेकराला हळद लागते आहे. तिच्यासोबत ना ढोलकी ना पेटी, नुसता गळा. गाडी आल्यापासून मान तिला सगळा मिळायचा, साडी मिळायची, पाटाजवळची जागा मिळायची. फक्त तिचं गाणं कोणाला ऐकू येईनासं झालं. नवऱ्याच्या बेसखाली ती गात राहायची आणि विधी पुरा झाला असं सगळे धरून चालायचे.

भाऊंना हे कळत नव्हतं. ते मांडवाबाहेर लोकांची पोटं तपासत असायचे.

मग त्यांचा अँप्लिफायर जळला. ते कल्याणला जाऊन नवा घेऊन आले, दोन दिवस कोणाला हात लावू दिला नाही आणि स्वतःच जोडला. लावला तर बेस गायब! बारीक आवाज होता, गाणारा कळत होता, पण पोट गप्प. भाऊंचं जेवण सुटलं. त्यांनी फ्यूज बदलला, बॅटरीची वायर जाड घातली, सगळी बटणं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. स्पीकरच्या खोक्यातून हवा जाते असं कोणी म्हणालं, तर फटीत कणीक भरली. ती रात्रीत उंदरांनी खाल्ली.

त्याच दिवसांत गावात एक हळद झाली. बेस नव्हता म्हणून भाऊ तोंड पाडून मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते. आणि त्या दिवशी कितीतरी दिवसांनी यमुनाबायचा धवला शेवटच्या बाईपर्यंत ऐकू गेला. नवरीच्या आजीचं नाव आलं तेव्हा नवरीची आई पदर तोंडात धरून रडली. भाऊ खांब सोडून सरळ उभे राहिले. धवला संपेपर्यंत त्यांनी कोणाला काही विचारलं नाही.

पुढे माझा दीर किसन, जो टेम्पो चालवतो आणि वायरिंगही जाणतो, त्याने गाडीतला दोष शोधला. त्याने आधी एक स्पीकर लावला, धडधडला. तो काढून दुसरा लावला, तोही धडधडला. दोन्ही एकत्र लावले की मेले.

"दादा, एकाच्या वायरी उलट्या लावल्यात तुमी," किसन म्हणाला. "एक पुढं ढकलतो तवा दुसरा मागं वढतो. दोघं मिलून काय नाय."

त्याने वायरी सरळ केल्या आणि आमच्या घरातली भांडी वाजली. भाऊंनी त्याला मिठी मारली. पण पुढच्या हळदीला बेस पुन्हा गायब. किसनने पुन्हा सरळ केलं. त्यापुढच्या हळदीला पुन्हा तेच.

"उंदीर," भाऊ म्हणाले.

"उंदरांनी वायर कातरली असती तर समजलो असतो," किसन म्हणाला. "लाल काढून काळ्याच्या जागी लावली? स्क्रू आवळून?"

"आपले गावचे उंदीर हुशार हायेत."

माझ्या लेकीचं, संगीताचं लग्न ठरलं तेव्हा तिचे वडील जाऊन पाच वर्षं झाली होती. मी विधवा. हळदीच्या पाटाजवळ मला जागा नव्हती, मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहणार होते. त्याचं मला एवढं वाटत नव्हतं. पण मला त्यांचं नाव ऐकायचं होतं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. ते असताना मी कधी घेतलं नाही आणि ते गेल्यावर घरात कोणीच घेईना. लेकीच्या हळदीला त्यांना नावाने बोलावलेलं एकदा कानावर पडावं, एवढंच.

मी सुपारी घेऊन यमुनाबायकडे गेले. मला बोलायला नीट जमत नाही, तरी म्हटलं, "संगीच्या बापाचा नाव मोठ्यान घेशील?"

"मी मोठ्यानच घेतंय गो," ती म्हणाली. "पन त्या बेसमंदी आवाजाला जागा पायजे ना."

भाऊ ओट्यावर बसून काहीतरी खरवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. परतताना मी त्यांच्या गाडीजवळून गेले, तर ते माझ्याआधी तिथे पोचले होते. डिकीत अर्धे आत, हातात छोटा स्क्रूड्रायव्हर. मला पाहून म्हणाले, "उंदीर बघतोय." मी मान हलवली आणि पदर सावरून घरी आले.

हळदीच्या संध्याकाळी गाडी आली, डिकी उघडली, आणि बेस नव्हता. यमुनाबायने धवला धरला. गावदेव झाला, खाडीवरची देवी झाली. मी दाराची चौकट धरून उभी होते. आता आमच्या घरातली माणसं येणार होती.

बाहेर पोरं कंटाळली होती. "क रं काका, बेस कुठं गेला? मयताला आयलो क आमी?" कोणीतरी हसलं. दोघंतिघं उठून चालू लागले. पाटावर बसलेली माझी संगी, तोंडभर हळद, यमुनाबायला हळूच म्हणाली, "काकी, माझे हळदीला कोन नाचनार नाय क?"

यमुनाबाय मध्येच थांबली. उठली, गुडघ्यावर हात ठेवत मांडवाबाहेर गेली. मला दारातून दोघं दिसत होती.

"ती वायर सरल कर," ती भाऊंना म्हणाली.

"कंची वायर?"

"मना नको सांगू. पयल्या दिसापासून ठावं हाय मना."

"आज नको. आज संगीचे बापाचा नाव—"

"पोरीची हलद हाय. तिचे बापाला ती नाचताना बघाचं असंल, क माजा गला आयकाचा असंल?"

भाऊंनी खिशातून छोटा स्क्रूड्रायव्हर काढला. मग डिकीत वाकले.

बेस आला. असा आला की ओट्यावरच्या ताटल्या सरकल्या. गेलेली पोरं पळत परत आली, संगीला पाटावरून उचललं आणि मांडवभर हळद उडाली. माझी लेक हसत होती. यमुनाबाय आपल्या जागेवर येऊन बसली आणि थांबला होता तिथून धवला धरला. मी कान दिला, पण एक अक्षर माझ्यापर्यंत पोचलं नाही.

तेवढ्यात भाऊ आत आले. गाडी सोडून ते कधी आत आले नव्हते. बायकांच्या घोळक्यात घुसून ते यमुनाबायच्या शेजारी बसले. पुरुषमाणूस आपल्यात कशाला म्हणून बायका त्यांना ढोसून ओरडल्या, "अगो, यो बाप्या कनाला आयला आपल्यान?" त्यांनी लक्ष दिलं नाही. मान खाली घालून कान तिच्या तोंडाजवळ नेला आणि डोळे मिटून घेतले. ती गात राहिली.

मग त्यांनी एकदम डोळे उघडले. माणसांतून वाट काढत त्यांची नजर स्वयंपाकघराच्या दाराशी आली, माझ्यावर थांबली, आणि त्यांनी सावकाश मान हलवली.

नाव घेतलं होतं.