दोन जावांचा एक पाव

"मला कुणाची मदत लागत नाही!" हे वाक्य मार्ता पोलंडहून निघताना मैत्रिणींना म्हणाली, सोलापुरात उतरल्यावर कारखान्याच्या मालकांना म्हणाली, आणि तिसऱ्या दिवशी साखर पेठेतल्या बोळात गटारात पाय जाऊन घोटा मोडला, तेव्हा उचलायला धावलेल्या चार माणसांनाही म्हणाली. चौघांनाही पोलिश येत नव्हतं. त्यांनी तिला उचललं!

मार्ता टॉवेल विणणाऱ्या मागांची इंजिनिअर. नवे माग बसवायला आठ महिन्यांसाठी आलेली. डॉक्टरांनी पायाला प्लास्टर घातलं आणि तीन आठवडे घरात बसा म्हणून बजावलं. घर म्हणजे कारखान्याने त्याच बोळात भाड्याने घेऊन दिलेल्या दोन खोल्या. स्वयंपाकात तिला अंडी उकडता येत होती, पण ती आणायला जाणार कोण?

दुसऱ्या दिवशी डावीकडच्या खिडकीतून एक स्टीलचा डबा आत आला. डब्यामागे शेजारच्या जगदेवीबाई.

"जेव गं पोरी. लई वाळलीस की!"

शब्द कळले नाहीत, डबा कळला. भाकरी आणि शेंगदाण्याची आमटी! मार्ताच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिखटाने की उपकाराने, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. संध्याकाळी उजवीकडच्या खिडकीतून दुसरा डबा. अगदी तसाच. त्याच्यामागे श्रीदेवीबाई.

"हुग्गी हाय, गव्हाची खीर. खा. आन् तिकडं सांगू नगंस," असं म्हणून त्यांनी डावीकडे मान उडवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

मार्ताने दोन्ही डबे घासून लखलखीत केले आणि ज्याचा त्याला हातोहात परत दिले. दोघींचेही चेहरे पडले. काय चुकलं ते तिला कळेना. भेटायला आलेल्या मल्लेशला तिने विचारलं. मल्लेश कारखान्यातला सुपरवायझर, गाव मंद्रूप, आणि त्याचं इंग्रजीही मंद्रूपच्याच वळणाचं.

"रिकामे दिले?" मल्लेशने कपाळाला हात लावला. "मॅडम, भरून आलेला डबा हितं रिकामा देत न्हाईत. चिमूटभर साखर तरी घालायची की!"

चिमूटभर? मार्ता पडली इंजिनिअर. डबाभर आलं तर डबाभरच जायला हवं! पुढचे डबे आले तसे तिने ठेवून घेतले आणि आपल्या गावचा काळा, आंबट पाव करायचं ठरवलं. तो करतात राय नावाच्या धान्याचा. राय कुठून आणणार? दुकानातून ज्वारीचं पीठ मागवलं, रंग साधारण जुळत होता. तिकडे पीठ तीन दिवस आंबवतात म्हणून तिनेही तीन दिवस आंबवलं. भर मे महिन्यात! शेवटी शेवटी झाकण आपोआप उडायला लागलं.

पाव कुकरमध्ये भाजला. फुगणं ज्वारीच्या पिठाच्या स्वभावातच नाही, ते फुगलं नाही. बाहेर आलं ते पायरीला दगड म्हणून बसवता आलं असतं. मार्ताने त्याचे दोन सारखे तुकडे केले, डब्यांत भरले आणि दुपारी पेठ झोपलेली असताना कुबडी टेकत टेकत एक डबा डावीकडच्या कट्ट्यावर, एक उजवीकडच्या कट्ट्यावर ठेवून आली. गुपचूप! आठवण म्हणून दोन्हींचे फोटोही काढले.

संध्याकाळी तिने मल्लेशला ते फोटो दाखवले. मल्लेशने फोटो मोठा केला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"मॅडम, डब्यावरची नावं वाचली न्हाईत?"

"नावं? मला वाटलं, कंपनीचा मार्का आहे."

"डावीकडं ठेवला त्यावर श्रीदेवीबाईंचं नाव हाय. उजवीकडं जगदेवीबाईंचं. उलटं झालं सगळं!"

मग त्याने सगळं सांगितलं. दोघी सख्ख्या जावा. सासूने भांडण नको म्हणून एकसारखे डबे घेतले आणि नावं घालून दिले. पण वाटणीत उखळ गेलं जगदेवीबाईंकडे आणि मुसळ श्रीदेवीबाईंकडे. अकरा वर्षं दोघी चटणी विकतची खात होत्या, पण एकमेकींशी शब्द बोलत नव्हत्या!

"आता ही म्हणणार, तिनं मला धोंडा पाठवला. तीपण तेच म्हणणार."

मार्ताने दोन्ही खिडक्यांकडे पाहिलं. खिडक्या बंद झाल्या तर उपाशी राहावं लागेल, ते सोडाच. पण या परक्या गावात 'जेवलीस का' म्हणून विचारणाऱ्या दोघीच होत्या, आणि त्यांच्या भांडणात तिने स्वतःच्या हाताने तेल ओतलं होतं. तिला खरोखर रडू यायला लागलं.

तेवढ्यात डावीकडचं दार उघडलं. उजवीकडचंही! दोघी हातात डबा घेऊन तरातरा निघाल्या आणि मार्ताच्या दारासमोरच समोरासमोर आल्या.

"श्रीदेवी!"

"अक्का!"

आणि दोघी एकदमच म्हणाल्या, "तब्येत बरी हाय न्हवं?"

"मला काय झालंय?" जगदेवीबाई चमकल्या. "तुझी भाकरी बघून पळत आले की! एवढी जाड, एवढी आंबट. म्हनलं, हाताला जोर ऱ्हायला न्हाय हिच्या. हातरुनाला खिळली आन् मला बलावनं धाडलं."

"आन् ह्या डब्यात काय हाय बघा की!" श्रीदेवीबाईंचा आवाज फुटला. "एक घास खाल्ला आन् रडले. पापडावानी भाकरी करनारी आमची अक्का, तिचं हे हाल! आन् मी बसले मुसळ धरून!"

पुढचं त्या कानडीत बोलल्या. गळ्यात गळे घालूनच बोलल्या, त्यामुळे मल्लेशने भाषांतर केलं नाही. मार्तालाही त्याची गरज पडली नाही.

मार्ता कुबडीवर उभी राहिली आणि छातीवर बोट ठेवून ओरडली, "मी! पाव! मी!"

दोघींनी पावाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कट्ट्यावर बसून पोट धरधरून हसल्या. मार्ताची छाती चार बोटं फुगली. अकरा वर्षांचं भांडण, सगळी पेठ हरलेली, आणि तिने एका पावात मिटवलं! आता दर रविवारी करायचा, असं तिने तिथल्या तिथे जाहीर केलं. मल्लेशने ते जावांना सांगितलं. हसणं थांबलं. दोघींनी एकमेकींच्या कानात काहीतरी खुसपुसलं आणि मल्लेशला सांगितलं.

"काय म्हणतात?" मार्ताने उत्सुकतेने विचारलं.

मल्लेशने घसा खाकरला.

"मॅडम, आठ महिने तुमचं जेवण त्यांच्याकडं. पण पाव पुन्हा करायचा न्हाय म्हणतात. वाटणी झाल्यापासून दोघींचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट हाय. मोडू नका!"