चादरीखालची गाडी

एका सकाळी शाळेत जायला बाहेर आलो, तर माझ्या स्कूटरवर निळ्या फुलांची चादर पांघरलेली. दहा पावलांवर आमचे शेजारी हिवराज शहारे एक डोळा मिटून, मान तिरपी करून उभे होते. हातात मोबाईल. एकदा मोबाईलकडे बघायचे, एकदा स्कूटरकडे.

"काकाजी, मला शाळेला उशीर होतो," मी म्हटलं.

"दोन मिनिटं थांबा जी मास्तर. घडी पाहून राहिलो."

"कसली घडी?"

"चादरीची. फोटोत चादर मंधात फुगली आहे, तुमच्या गाडीवर दबून राहिली. म्हणजे दोन चाकांची नाही. दोन चाकं कट."

मग त्यांनी चादर ओढली, नीट घडी घालून काखेत मारली आणि "जा आता" म्हणून मला माझ्याच अंगणातून जायची परवानगी दिली.

झालं होतं असं. पुण्याकडं विजेवरच्या गाड्या बनवणारी एक कंपनी आहे. तिच्या मालकानं धानाच्या रोवणीच्या दिवसांत मोबाईलवर एक फोटो टाकला. काळ्या कपड्याखाली काहीतरी झाकलेलं, समोर उजेडाची एक बारीक पट्टी, आणि खाली पोळ्यानंतरच्या एका रविवारची तारीख. त्या दिवशी नवी गाडी दाखवणार, एवढंच. बाकी मजकूर नाही. गाड्यांचे शौकीन लोक जागोजागी अंदाज बांधायला लागले असतील. आमच्या सौंदडात ते काम एकट्या हिवराजकाकांनी अंगावर घेतलं.

त्याला कारणही होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा संदेश त्याच कंपनीत इंजिनिअर आहे.

"मग त्यालाच विचारा ना," गावात जो तो म्हणायचा.

"विचारलं. नाही सांगत. कंपनीनं सही घेतली आहे त्याची." हे वाक्य काका अशा थाटात सांगत, की सही घेणं म्हणजे गळ्यात हार घालणंच.

काकांना गाड्यांतलं काय कळतं, हा प्रश्न मलाही पडला होता. त्यांनी आयुष्यात कधी गाडी चालवली नाही. सायकलवरून उतरले ते निवृत्त झाल्यावर, गुडघ्यामुळे. पण ते रेल्वेत गेटमन होते. तीस वर्षं फाटकं लावली आणि उघडली. त्यामुळं गाड्यांबद्दल बोलताना त्यांचा आवाज जाणकाराचा असे.

"चालती गाडी सगळेच पाहतात मास्तर. चालती गाडी भाव खाते. थांबली की तिची असलियत समजते. कोणती आवाज करते, कोणती तेल गाळते, कोणाची काच खाली होत नाही. मी थांबलेल्या गाड्या पाहिल्या आहेत. तुम्ही काय पाहिलं?"

मी काहीच पाहिलं नव्हतं. मी कबूल करायचो.

स्कूटरनंतर निळ्या फुलांच्या चादरीनं गावात बरंच काही झाकलं. पाण्याचा ड्रम झाकून झाला. खाट उभी करून झाकली, आडवी करून झाकली. काकांच्या पत्नी वच्छलाकाकू दाराशी तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांच्याकडंही काका चादर घेऊन आले होते, पण काकूंनी नुसतं सूप खाली ठेवलं आणि काका मागं फिरले. मग एक दिवस त्यांनी बकरीवर चादर टाकली. बकरी क्षणभर कंपनीच्या मालासारखी स्तब्ध उभी राहिली, मग जी सुटली ती थेट हायवेच्या बाजूला. निळ्या फुलांचा एक ढिगारा ग्रामपंचायतीसमोरून पळतोय आणि मागून काका गुडघा धरून, हे दृश्य अर्ध्या गावानं पाहिलं. परत आले तेव्हा धापा टाकत मला म्हणाले, "एक गोष्ट पक्की झाली. पळताना चादर मागं खेचते. म्हणजे समोरून ते निमुळतं असणार."

त्यांचे अंदाज दर आठवड्याला बदलत. आधी सहा चाकांची गाडी होती. मग बिनस्टेअरिंगची आली. त्यानंतर टपावर उन्हापासून वीज करणारी पाटी असलेली, "जी आपल्याकडच्या मे महिन्यात कधी थांबणारच नाही, माणूस उतरायचा कसा हा प्रश्न आहे." सर्वांत लाडका अंदाज दोन तोंडांच्या गाडीचा. रेल्वे इंजिनासारखी, दोन्हीकडून चालणारी.

"वळवायची कटकटच नाही. केशोरीले गेले, काम झालं, या बाजूनं उठून त्या बाजूले बसले, की चालले परत."

"आणि मागच्या सीटवरचे लोक?"

"ते समोर झाले ना आता. त्यायलाही कधी समोर बसू द्या."

स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर फागूची चहाची टपरी आहे. संध्याकाळी तिथं या विषयावर सभाच भरे. एकदा फागूनं गाळणी झटकता झटकता मधेच तोंड घातलं. "काकाजी, मले तर वाटते टेम्पो असंल. लहानसा. धानाचे कट्टे-पोते न्यायले."

काका एरवी कोणाचाही अंदाज ऐकून घेत, त्यात आपली भर घालत. त्या दिवशी मात्र ते एकदम उखडले.

"टेम्पो? अरे, टेम्पोले कोणी पांघरूण घालते काय? लग्नातल्या नवरीले झाकतात. भांडेवालीले कोणी झाकते?"

लोक हसले. फागू ओशाळला. पण काका थांबले नाहीत. विजेचा टेम्पो का शक्य नाही, याची त्यांनी सात कारणं दिली, त्यातली दोन सारखीच होती. पुन्हा कोणी टेम्पोचं नाव काढलं नाही.

दर रविवारी संध्याकाळी सातला संदेशचा फोन येई. आमच्या दोन घरांमधली भिंत कमरेएवढी आहे, आणि काका फोन स्पीकरवर ठेवून दूरच्या माणसाशी बोलावं तसे बोलतात. त्यामुळं तो कार्यक्रम मलाही ऐकू येई.

"हं बाबा, या हप्त्यात काय?" संदेश विचारायचा.

"या हप्त्यात बकरीवर टाकली चादर."

मग बकरीची सगळी हकिकत. ती हायवेपर्यंत कशी गेली, एक ट्रकवाला थांबून हात जोडून कसा उभा राहिला, हे प्रत्यक्षात न घडलेलंही. पलीकडून हसण्याचा असा लोंढा येई, की फोनचा आवाज फाटून जाई.

"नाही बाबा. अजिबात नाही. अजून विचार करा."

"जवळ आलो काय?"

"लई दूर आहात."

"किती दूर? नागपूरएवढा की पुण्याएवढा?"

"मी काही नाही सांगत. सही केली आहे."

असं अर्धा-पाऊण तास चाले. कधीकधी काकूंना फोन मिळेपर्यंत संदेशच्या जेवायची वेळ होई, आणि काकू तेवढ्यात "भाजी कोणती केली" एवढंच विचारून घेत.

शेवटी तो रविवार उजाडला. कार्यक्रम सकाळी अकराला होता. फागूनं आपला मोबाईल बिस्किटांच्या बरणीला टेकवून ठेवला आणि पंधरा-वीस माणसं त्याच्याभोवती दाटीवाटीनं उभी राहिली. काकांना मान म्हणून पुढचा स्टूल. त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता.

मालक आला, बराच वेळ बोलला, नेटवर्क दोनदा अडकलं. मग दोन मुलींनी तो काळा कपडा ओढला.

टेम्पो होता. लहानसा, पांढरा, विजेवर चालणारा. मागं त्यांनी खरोखरच पोती रचून ठेवली होती.

फागूनं गॅसवरचं भगोणं उतरवलं, पुन्हा चढवलं, आणि म्हणाला, "आज सगळ्यायले चहा माह्याकडून." लोक काकांवर तुटून पडले. "काकाजी, दुसरं तोंड कुठं आहे जी याचं?" "स्टेअरिंग तर दिसून राहिलं." "बकरीनं फसवलं काकाजीले."

मी काकांकडं बघत होतो. कपडा ओढला तेव्हा सगळे गाडीकडं वाकले, पण काकांचा चेहरा जराही हलला नव्हता. ते पडद्याच्या कोपऱ्यात बघत होते. तिथं मागं कंपनीची माणसं टाळ्या वाजवत उभी होती.

"मास्तर," त्यांनी हळूच विचारलं, "तो आकाशी शर्टातला, डावीकडून तिसरा. संदेशच ना?"

मी निरखून पाहिलं. संदेशच होता. टाळ्या वाजवता वाजवता त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग दृश्य बदललं.

काका उठले. फागूसमोर हात जोडून म्हणाले, "तू जिंकला बापा. मी चुकलो." आणि चहा न घेताच घराकडं गेले.

संध्याकाळी सहा-साडेसहाला काकूंनी भिंतीवरून हाक दिली. "मास्तर, जरा येता काय? तुमचे काकाजी सकाळपासून जेवले नाहीत. नुसते बसून आहेत."

मी गेलो. काका खाटेवर बसले होते. मला वाटलं, हरल्याचं लागलं. शिक्षकी सवयीनं मी समजूत घालू लागलो. "काकाजी, अंदाज आहे, चुकतो. मोठमोठ्या लोकांचे चुकले असतील."

आतून काकूंचा आवाज आला, "चुकले? त्यायले एप्रिलपासून ठाऊक आहे."

"तू चूप बस," काका म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

"काऊन चूप बसू? आता तर निघाली ना गाडी." काकू हात पुसत बाहेर आल्या. "जयंतीच्या सुट्टीले आला होता पोरगा. दुपारी खाटेवर लॅपटॉप उघडा ठेवून झोपला. हे पंखा लावायले गेले. तवाच पाहिली. पूर्ण. मले येऊन सांगितलं, टेम्पो आहे म्हणून. अना कोणाले सांगशील तर पाहा म्हणे."

मला फागूला दिलेली ती सात कारणं आठवली. "संदेशला माहीत आहे, तुम्ही पाहिलं ते?"

"नाही," काका म्हणाले. "त्याले सांगायचं नाही. त्याच्या सहीवर बट्टा लागंल."

"मग ती चादर, ती बकरी, दोन तोंडांची गाडी..."

काकांनी आपल्या गुडघ्यावर हात फिरवला. मग म्हणाले, "मले त्याच्या संगं बोलता येत नाही जी मास्तर."

"बारा-बारा घंट्याची ड्युटी होती. मी घरी यायचो तवा तो झोपून असे, अना तो उठे तवा मी झोपून. लेकरू वाढलं ते मी झोपलेलंच पाहिलं. मंग होस्टेलले गेला, मंग पुण्याले. फोन आला की, बरा आहेस काय? हो बाबा, तुम्ही? बराच आहे. घे, आईशी बोल. झालं. पुढचं मले सुचतच नसे. त्यालेही नसे. मंग तो फोटो आला. मी सहजच म्हटलं, सहा चाकं असतील काय रे? तर तो हासला. मले पयल्यांदा समजलं, तो हासते कसा ते."

काकू उंबऱ्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी पदरानं कपाळ पुसलं.

"आता गाडी निघाली," काका म्हणाले. "आता काय विचारू?"

सात वाजायला आले होते. मी उठणार, तेवढ्यात फोन वाजला. काकांनी तो हातात घेतला, नाव पाहिलं, आणि काकूंकडं पाहिलं. काकूंनी हात पुढं केला. काकांनी फोन दिला नाही. स्पीकर लावला.

"बाबा, पाहिली?" संदेशचा आवाज थकलेला आणि खूष होता.

"पाहिली."

"मग?"

"चांगली आहे. मजबूत वाटून राहिली. तो आकाशी शर्ट तुहा होता ना?"

"हो. दिसलो मी?"

"दिसला."

पलीकडं कुठंतरी हॉर्न वाजला. काकांनी ओठ हलवले, थांबले. काकूंचा हात अजून पुढंच होता. मला वाटलं, आता "घे, आईशी बोल" येणार.

"संदेश," काका म्हणाले, "तुह्या खोलीले खिडकी आहे काय रे?"

"काय?"

"खिडकी. तू राहते त्या खोलीले."

"आहे ना बाबा. एक आहे."

"कोणत्या बाजूनं?"

पोरगा गोंधळला असावा. "पूर्वेकडं. सकाळी ऊन येते डोळ्यांवर. काऊन?"

"असंच. काय दिसते तिच्यातून?"

पलीकडं पावलं वाजली, कडी सरकल्याचा आवाज आला आणि रस्त्याचा गलका एकदम मोठा झाला.

"थांबा, उघडली. हां. समोर एक पाण्याची टाकी आहे बाबा. मोठी. तिच्या खाली एक म्हातारा इस्त्रीचं दुकान लावून बसते. आताही आहे, कपडे बांधून राहिला. त्याच्या बाजूले एक झाड आहे, नाव नाही माहीत मले. संध्याकाळी त्याच्यावर लई पोपट बसतात."

काकांनी फोन दोन्ही हातांत धरून गुडघ्यांवर ठेवला आणि त्यावर वाकले. काकूंचा पुढं केलेला हात खाली आला. त्या आवाज न करता उंबऱ्यावर बसल्या. मी चपला हातात घेतल्या आणि अंगणात येऊन पायात घातल्या.

घरात शिरता शिरता भिंतीपलीकडून काकांचा आवाज ऐकू आला, "अना टाकीच्या मागं काय आहे?"