इड्वल प्रोबर्ट दलाल होतो

शनिवारी दुपारी इड्वल प्रोबर्ट वेल्समधल्या आपल्या नांतगॉख गावी रग्बीच्या मैदानाशेजारच्या चढावर उभा राहून बेननकाकांना काय म्हणायचं ते मनातल्या मनात घोकत होता. "काका, चुकलो. मला परत घ्या." वाक्यं एवढीच होती. पण 'चुकलो' म्हणताना मान किती खाली घालायची, ते काही ठरत नव्हतं.

गावातली कोळशाची खाण रडतखडत चालू लागली, तेव्हा इड्वल उत्तरेला यॉर्कशरमधल्या एका गिरणगावात गेला होता. तिथे रग्बी खेळायचे पैसे मिळत. नांतगॉखच्या लेखी मात्र पैसे घेऊन खेळणं म्हणजे बाटणंच. क्लबचे सेक्रेटरी कॅरॅडॉग बेनन यांनी त्याच आठवड्यात त्याचं नाव कापलं. क्लबात पाऊल टाकायचं नाही, जन्मभर.

तिकडे शनिवारी हजारो लोक त्याचं नाव घेत घसा फोडून ओरडत. बाकीचा आठवडा त्याच्याशी बोलायला घरमालकीण मिसेस सग्डन तेवढी असे, आणि तिचं बोलणंही "बूट बाहेर काढ" इथपर्यंतच. वेल्श बोलणारं तर कुत्रंही नव्हतं. चॅपलमध्ये प्रार्थना इंग्रजीत, त्यामुळे देवसुद्धा त्याला परगावचा वाटे. एकदा त्याने उशीलाच वेल्शमध्ये विचारलं, "काय, कसं काय?" आणि आपल्याच आवाजाने तो दचकला. सकाळी उठून त्याने गावी परतायचं ठरवलं.

निघताना मिसेस सग्डनने आपल्या दिवंगत नवऱ्याचा जाडजूड ओव्हरकोट त्याच्या अंगावर चढवला होता. त्यात बेननकाका भेटेपर्यंत कुणी ओळखू नये म्हणून त्याने मफलर नाकापर्यंत गुंडाळला. सगळा घोळ झाला तो इथेच. भारी कोट घालून, तोंड झाकून, लांबूनच खेळ बघणारा माणूस कोण, हे वेल्समधल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पैसे दाखवून खेळाडू पळवणारा, उत्तरेच्या क्लबांचा दलाल! असे दलाल पूर्वी आले, की गाव त्यांना नदीत बुचकळून परत पाठवत असे.

पण आता खाण पूर्णच बंद पडली होती. नदीचं नाव कुणीच काढलं नाही. खाली सामन्यात कडेने पळणाऱ्या इव्हानच्या हातात चेंडू आला, तो त्याने सोडलाच नाही.

"अरे, दे की पुढे!" कप्तान ओरडला.

इव्हान चढाकडे बघत दोघांना चकवून गेला आणि तिसऱ्याच्या छातीवर आदळला. मग कप्तानाला वाटलं, आपणच का मागे राहावं? तोही एकटाच पळत सुटला. बघता बघता पंधरा जण पंधरा वेगळे सामने खेळू लागले. जाड्या डायने जन्मात कधी चेंडूला लाथ मारली नव्हती. त्याने ती आज अशी मारली, की चेंडू चॅपलच्या छपरावर जाऊन बसला. नांतगॉख सडकून हरलं.

सामना संपताच इव्हान धापा टाकत चढ चढून आला. "साहेब, माझं पळणं बघितलंत ना?"

इड्वलने मफलर खाली ओढला. "अरे, मी इड्वल!"

"इड्वल? लेका, तू दलाल झालास?"

"मी कसला दलाल? मी आपला सहज..."

"बरोबर आहे," इव्हानने डोळा मारला. "खरा दलाल कधी सांगतो का, मी दलाल म्हणून? काळजी करू नकोस. मी कुण्णाला सांगत नाही."

इड्वल घरी पोचायच्या आत सगळ्या गावाला कळलं होतं. चहा होतो न होतो, तोच मागचं दार वाजलं. बगलेत कोबीचा गड्डा घेऊन डाय उभा होता.

"आईंना आणलाय रे. बरं, तिकडे जाड्या माणसांना मागणी असते म्हणे?"

तेवढ्यात पुन्हा दार वाजलं. "कप्तान असेल, मला लपव!" म्हणत डाय कोळशाच्या खोलीत शिरला. कप्तानाच्या हातातही कोबीच होता. त्याच्या मागून इव्हान आला, तेव्हा कप्तानही कोळशात गेला. "मी दलाल नाही रे," असं इड्वल प्रत्येकाला सांगे. "बरं, नसशील. पण माझं नाव ध्यानात ठेव," असं प्रत्येक जण म्हणे. "तिकडे कसं आहे?" हेही सगळ्यांनी विचारलं. उत्तर ऐकायला कुणीच थांबलं नाही.

"तू गेल्यापासून माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं," आई कोबीकडे बघत म्हणाली. "आता एवढ्याचं करू काय?"

दिवेलागणीला बेननकाका आले. तेही मागच्याच दाराने. इड्वल ताडकन उठला आणि मान खाली घालायचं विसरून बोलून गेला, "काका, चुकलो. मला परत घ्या."

बेनन त्याच्याकडे बघतच राहिले. "परत? कशात घेऊ? आजची टीम तर तुझ्या कोळशाच्या खोलीत बसलीय." आतून कुणीतरी शिंकलं. "आणि नियम तो नियम, इड्वल. तुला क्लबात घेता यायचं नाही."

इड्वल मटकन खाली बसला. बेनन मात्र जाईनात. हातातली टोपी फिरवत उभे राहिले.

"मी काय म्हणतो, तिकडच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारायला माणूस लागतो का रे?"

"कुणाला हवंय काम?"

"आहे एक ओळखीचा. म्हातारा आहे, पण रेघ सरळ मारतो." बेननांनी टोपीची कड चाचपली. "बायको गेलीय त्याची. क्लबातही हल्ली कुणी फिरकत नाही. एकटा बसून बसून त्याला आपली खुर्ची करकरली तरी बरं वाटतं."

इड्वलने वर बघितलं. तिकडे माणूस लागतो की नाही, याची त्याला सुतराम कल्पना नव्हती.

"लागतो की, काका," तो म्हणाला.

बाकीच्यांसाठी विचारून बघतो, असं सांगून सोमवारी तो परत उत्तरेला जायला स्टेशनवर आला. बेनन फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला उभे होते. बाटलेल्या खेळाडूबरोबर सेक्रेटरी दिसला असता, तर गावात शोभा झाली असती. गाडीने डोंगर ओलांडल्यावर ते उठून इड्वलच्या शेजारी येऊन बसले आणि वेल्शमध्ये सुरू झाले. कोण मेलं, कुणाचं डुक्कर कुणाच्या बागेत शिरलं, इड्वल अमक्या सामन्यात कसा गाढवासारखा खेळला होता. हेरफर्ड स्टेशन गेलं, श्रूझबरी गेलं. समोरचा प्रवासी वैतागून दुसऱ्या डब्यात गेला. इड्वलला मध्ये 'हूं' म्हणायलाही फट मिळेना.

मिसेस सग्डनला काय सांगायचं, तिकडच्या क्लबला काय सांगायचं, काहीच ठरलं नव्हतं. क्रू स्टेशनच्या अलीकडे गाडी सिग्नलपाशी थांबली आणि हलेचना. डब्यातले लोक कुरकुरू लागले. इड्वलने खिडकीला डोकं टेकवलं आणि डोळे मिटले.

"झोपलास काय रे?" बेननकाकांनी विचारलं.

"नाही काका," इड्वल म्हणाला. "डुकराचं पुढे काय झालं?"