पंजाबरावांनी कूलरच्या खोलीत रेल्वे आणिली त्याचा मजकूर

राजमान्य वाचकसाहेबांचे सेवेशी लेखकाची विज्ञापना ऐसीजे. अकोला शहरी, गोरक्षण रस्त्याचे आतल्या अंगास, एका घरी पलंगाचे राज्य बुडोन रेल्वेचे राज्य कैसे स्थापन जाहले, ते साद्यंत कळवावे ऐसी साहेबांची मर्जी. शेजारीपाजारी नाना तऱ्हेने बोलतात. कोणी म्हणतो पंजाबरावांस ऊन लागले, कोणी म्हणतो रिटायरमेंट लागली. तरी पदरचे काही न घालता, घडले तेच लिहिले आहे. चित्त देऊन ऐकावे.

पंजाबराव हे वीजखात्याचे जुने मनसबदार. अवघी हयात तारा आणि खांब यांच्या बंदोबस्तात गेली. वादळात तालुका अंधारी बुडाला तर खासे जीपमध्ये बसोन जात आणि उजेड करोनच परतत. मग वयाचा हुकूम आला, शाल-श्रीफळ जाहले, आणि पंजाबराव घरी बसले. घरी बसोन पेपर दोनदा वाचीत आणि मग स्वयंपाकघराचे दारी उभे राहोन फोडणीस किती मोहरी घालावी ते सांगत. त्यांचे कुटुंब ललिताबाई, या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. त्यांची जरब ऐसी की कुकर देखील शिट्टी बेताने देई. त्यांनी चार दिवस सोसले, आणि मग अमरावतीस कन्या प्रियदर्शनी हिजला फोनावरून फर्मान सोडिले की, "तुया बापाले काही तरी उद्योग दे वं, नाही तं मीच येते तुयाकडं राहाले."

कन्या घाबरी जाहली. तिने जावई सुगत यांस तातडीने अकोल्यास रवाना केले, आणि जावयांनी दारी येऊन, जयभीम करोन, एक खोके सासऱ्यांस नजर केले. खोक्यात वितीएवढे इंजिन, तीन डबे आणि रुळांचे एक कडे निघाले. कन्येचा इरादा इतकाच की वडिलांनी पलंगावर गाडी फिरवावी आणि जीव रमवावा. परंतु इंजिनाने पलंगावर पहिली फेरी मारिली, आणि पंजाबरावांचे डोळ्यांत वादळी रात्रीच्या जीपचे तेज आले. ते उठोन म्हणाले की चादरीवर रेल्वे चालत नाही, रेल्वेस मुलूख पाहिजे.

मग मुलुखाची मसलत सुरू जाहली. दिवाणखान्यात टीव्हीचे ठाणे. निजावयाचे खोलीवर स्लॅब ऐसा तापे की पंखा वणवा फेकी. राहिली कूलरची खोली. अकोल्याचा वैशाख ज्यांनी भोगिला त्यांस सांगणे नलगे की घरात कूलर असेल तीच राजधानी. ललिताबाई भाजीबाजारी गेल्या आहेत ही संधी साधोन पंजाबरावांनी सुतार बोलाविला, पलंग उचलोन व्हरांड्यात हद्दपार केला, आणि त्या जागी प्लायवूडचा मोठा पाट चार पायांवर उभा केला.

ललिताबाई पिशव्यांसहित दाखल जाहल्या आणि हे पाहोन क्षणभर निःशब्द राहिल्या. पंजाबरावांनी त्यासच संमती समजले, ही पहिली चूक. पिशव्या खाली ठेवोन हुकूम जाहला की, "पलंग गेला तं गेला. पन दुपारी मी कूलरपुढंच झोपन. तुमची गाडी काय हवेत चालवता थे पाहा."

तेव्हा तह ठरला, तो ऐसा की पाटाचे पाय उंच करावे, पाटावर रेल्वेचा अंमल, पाटाखाली ललिताबाईंची गादी, आणि त्या निजल्या असता वरती चाक हलू नये.

मग पंजाबराव कामास लागले. रूळ ठोकिले, आगपेटीच्या काड्यांचा फलाट बांधिला, लाकडाचा भुसा रंगवोन कपाशीची शेते केली. शेंदूरजनाघाटचे संत्र्याचे बाग पाहिजेत म्हणोन भांडी घासावयाच्या हिरव्या घासण्या कातरोन त्यांस नारिंगी मणी चिकटविले. शेवटी भातकुलीकडील शेतातून अस्सल काळी माती आणवोन, चाळोन, रुळांलगत पसरली. तेथे घात जाहला. कूलरची ओल मातीस लागली, आणि वऱ्हाडची माती एकदा ओली जाहली की कोणाचा पाय सोडीत नाही. तिने चाके धरिली, रूळ माखिले, वीज चाकांपर्यंत पोचेना, गाडी जागीच खिळली. ज्याने अवघ्या तालुक्यास उजेड दिला त्याजकडोन एक वितीचे इंजिन हलेना, ही गोष्ट पंजाबरावांच्या फार जिव्हारी लागली. त्यांचे जेवणावरोन चित्त उडाले.

त्याच त्राग्यात, भर दुपारी, ललिताबाई खाली निजल्या असता, त्यांनी तह बाजूस सारोन तार जोडावयास कथलाची डागणी काढिली. तापल्या कथलाचा थेंब, तारा खाली न्यावयास पाटास पाडिलेल्या भोकातून गळोन उशीवर पडला आणि अभ्रा जळाला. ललिताबाईंचा कान अंगुळभर अंतराने बचावला. ललिताबाई उठल्या. रागे भरल्या नाहीत, हेच भयंकर. पंजाबराव म्हणाले की भोक सुताराने मोठे पाडिले. त्यावर ललिताबाईंनी पिशवी भरिली आणि अमरावतीची बस धरिली.

पंजाबरावांस प्रथम वाटले, बरे जाहले, मैदान मोकळे. त्यांनी माती खरडोन काढिली, रूळ पुसोन लख्ख केले, गाडी धावू लागली. मग हुरूप चढोन रद्दी आणि प्लास्टर यांचा चिखलदऱ्याचा पहाड उभारिला, पोटातून बोगदा काढिला, आणि पहाड चोहोंकडोन पक्का लिंपिला. गाडी मोठ्या डौलाने बोगद्यात शिरली आणि बाहेर आली नाही.

आत काही उलथल्याचा आवाज मात्र आला. पंजाबरावांनी हात घातला तो मनगटाशी अडकला. चिमटा घातला, तारेचा आकडा घातला. शेवटचा डबा तेवढा हाती लागला, इंजिन आणि बाकीची फौज आतच राहिली. पंजाबराव तो डबा घेऊन स्वयंपाकघराचे दारी गेले, सवयीने, सांगावयास. तेथे कोणी नव्हते. गॅसवर सकाळची खिचडी थंड पडली होती. फोडणीस मोहरी किती घालावी हे सांगावयासही कोणी नाही, हे तेव्हा त्यांचे ध्यानी आले, आणि डबा हाती घेऊन ते बराच वेळ तेथेच उभे राहिले.

मग अमरावतीस फोन लाविला.

"गाडी बोगद्यात अडकली," पंजाबरावांनी अर्ज केला.

"मंग लोकायले म्हना, उतरा अन् पायी जा," ललिताबाईंचा जबाब आला.

मग पंजाबरावांनी, ज्यांनी वरिष्ठ साहेबांपुढे देखील मान लवविली नव्हती, हळूच म्हटले, "उशी जळाली थे माही चूक. सुताराची नाही. तुया कानाले लागलं असतं तं... मले झोप नाही येऊन राहिली."

"हे बोलाले येवढे दिवस काहून लागले?" इतकेच विचारोन फोन बंद जाहला.

दुसरे दिवशी भर उन्हात ललिताबाईंची खासा स्वारी रिक्षातून उतरली. पाणी प्याल्या, मग लाटणे मागितले. पंजाबराव कचरले, परंतु ललिताबाई त्यांस ओलांडोन पाटाखाली शिरल्या, आणि पहाडाचे बरोबर तळाशी खालोन तीन घाव घातले. पहिल्या घावास संत्र्याचे बाग आडवे जाहले. दुसऱ्यास फलाट कोसळला. तिसऱ्या घावास चिखलदऱ्याचा पहाड मधोमध फुटला, प्लास्टरचा धुरळा उठला, आणि भगदाडातून इंजिन कुशीवर घसरत पंजाबरावांचे तळहाती आले.

"पहाडाले मागून दार ठेवा लागते," पाटाखालोन आवाज आला. "हात घालाले. येवढं समजत नाही?"

पंजाबरावांनी निमूट कबूल केले. मग उभयतांनी मिळोन, एकाने पहाड धरिला, एकाने सुरी चालविली, आणि पहाडास मागील दार पाडिले. गाडी रुळांवर ठेविली. पंजाबराव गाडीच्या रेग्युलेटरकडे हात नेतात तो ललिताबाईंनी तो अगोदरच उचलिला आणि कळ पूर्ण फिरविली. गाडी पडक्या बागांतून सुसाट सुटली.

"अवं, वळन हाय तिथं! हळू घे!"

"तुमी खाली जाऊन पडा," हुकूम जाहला.

पंजाबराव खाली गादीवर गेले. कूलरची हवा अंगावर आली, डोक्यावर गाडी गडगडत फिरू लागली, बोगद्यात शिरली, बाहेर आली, आणि वरोन ललिताबाईंचे हसणे ऐकू आले. येणेप्रमाणे ते दिवशी, वैशाखाचे भर दुपारी, रेल्वे कायम जाहली, ललिताबाईंची फत्ते जाहली, आणि पंजाबराव रणी पडले ते चहा होईतो उठले नाहीत.