खिशातला कांदा आणि तज्ज्ञांचं एकमत

"आठवड्याभराचं काम! मतं गोळा करायची, पारखायची, निष्कर्ष काढायचा!" दिनकर पाथ्रीकरांनी चहाचा घोट घेत बायकोला सांगितलं.

"मागचा आठवडा दिवाळीपर्यंत चालला होता," प्रतिमाताई भेंडी चिरता चिरता म्हणाल्या.

दिनकरराव मूळचे परभणीचे. लखनौच्या एका आरोग्य कार्यालयात अहवाल लिहून लिहून पार पिचले होते. सत्त्याण्णवचा उन्हाळा तोंडावर होता आणि लूपासून, तिथल्या भाजून काढणाऱ्या उन्हाळी वाऱ्यापासून, कसं वाचायचं, याचं पत्रक गावोगावी वाटायचं होतं. पत्रकात जागा मोजकी. कार्यालयाचे प्रमुख सक्सेनासाहेब, त्यांना त्यात 'खिशात कांदा ठेवा' ही ओळ हवी होती. ती घातली, की 'तहान नसली तरी पाणी पीत राहा' ही ओळ बाहेर! उन्हात राबणारी माणसं कांद्याच्या भरवशावर पाण्याविना राहतील, या विचारानं दिनकररावांची झोप उडाली.

"सर, कांद्यावर कुठे प्रयोगच झालेला नाही," त्यांनी सांगून पाहिलं.

"प्रयोग नहीं हुआ तो क्या, विशेषज्ञ तो हैं! उनकी राय जुटाइए. बाकायदा!"

झालं! दिनकररावांनी स्कूटरला किक मारली. जो तज्ज्ञ भेटेल त्याला दोनच प्रश्न विचारायचे: तुमचं मत काय, आणि ते कशावरून?

अलीगंजच्या डॉक्टर मधुमती निगम ठामपणे म्हणाल्या, "प्याज? बिल्कुल रखिए! सब मानते हैं."

"सब म्हणजे कौन, मॅडम?"

"अरे, मिश्राजी मानते हैं!"

डॉक्टर मिश्राजींनी दिनकररावांना बसवलं, बर्फी खाऊ घातली आणि म्हणाले, "मधुमतीजी कहती हैं, तो सही ही होगा."

उरले महानगर मोहल्ल्यातले वैद्य राजारामजी. दिनकरराव भर दुपारी तिथे पोचले. राजारामजी हसले. "दो-दो डॉक्टर कह रहे हैं, मैं क्यों मना करूँ?"

दिनकररावांनी कपाळाला हात लावला. तिघांचं एकमत, आणि तिघंही एकमेकांच्या खांद्यावर! सर्कशीतला मनोराच, फक्त सगळ्यात खाली कुणी उभंच नाही!

"धूप तेज है," म्हणत राजारामजींनी निघताना त्यांच्या शर्टाच्या खिशात एक भलामोठा कांदा कोंबला. नको म्हणायचंही त्राण उरलं नव्हतं.

कपूरथळा बाजाराशी स्कूटर डुलायला लागली. मग रस्ता डुलला. मग अख्खं लखनौ डुललं!

डोळे उघडले तेव्हा ते उसाच्या रसवाल्याच्या बाकावर आडवे होते. डोक्यावर ओला गमछा. रसवाला मीठ-लिंबाचं पाणी घोट घोट पाजत होता. भोवती ही गर्दी!

"बच गए! देखो, जेब में प्याज है!" कुणीतरी ओरडलं.

"पानी..." दिनकरराव पुटपुटले.

"हाँ हाँ, पानी भी देंगे. पहले प्याज संभालिए!"

दुसऱ्या दिवशी सक्सेनासाहेब फळं घेऊन घरी हजर. "पाथ्रीकरजी, आपने तो साबित कर दिया!"

"सर, खिशात कांदा होता, तरी मी पडलो!"

"गिरे, मगर उठे भी तो!"

प्रतिमाताईंनी चहाचा कप जरा जोरातच आपटला. "भाईसाहब, इनको पानी ने उठाया. कांदा तर मी भाजीत घातला!"

आठवडाभर दिनकरराव साहेबांच्या टेबलाशी ठाण मांडून बसले. 'मतं तीन, पण आधार एकालाही नाही,' हे वाक्य अहवालातून त्यांनी हलू दिलं नाही. शेवटी साहेब वैतागले. अक्षरं बारीक करून दोन्ही ओळी छापल्या. पाण्याची ओळ वाचली! दिनकररावांना लढाई जिंकल्यासारखं वाटलं. त्या दिवशी ते जेवून जे झोपले, ते दुसऱ्या दिवशी ऑफिसची वेळ टळल्यावरच उठले.

जूनमध्ये कानपूरहून एका अधिकाऱ्याचा फोन आला.

"सर, हम भी प्याज पर विशेषज्ञों की राय जुटा रहे हैं. निगम मॅडम, मिश्राजी, राजारामजी, तीनों ने एक ही नाम लिया. आपका!"

दिनकररावांनी डोळे मिटले. एक लांब श्वास घेतला. मग एकेक अक्षर सावकाश उच्चारत म्हणाले, "मेरी राय है, पानी पीजिए."

पलीकडे पेन कागदावर खरखरलं.

"लिख लिया, सर! बस इतना बता दीजिए, प्याज के साथ, या प्याज के बाद?"