जमीन मागे ढकला

१६ जानेवारी. उद्या माझ्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू, म्हणून तिळाच्या वड्यांचा पाक ढवळत होते. तेवढ्यात खालून आरोळी आली, "टाच आधी टेकली की ब्रेक लागतो! जमीन मागे ढकला!" मी बघायला खिडकीशी गेले आणि पाक पुढे गेला.

समोरच्या फ्लॅटमधले सबनीसकाका. मूळ साताऱ्याचे, विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि इथेच, या हिंदी मुलखात, वैशाली नगरात राहिले. स्वतः त्यांना पळताना कुणी पाहिलेलं नाही. पण दुसरा पळताना दिसला की राहवत नाही. सिटी बसमागे धावणाऱ्या बाईलासुद्धा सांगतात, "बहनजी, पैर इतना आगे मत फेंकिए, कमर के नीचे रखिए!" बाई थबकते, बस जाते. काका शांतपणे म्हणतात, "हाथ हिलाती तो मिल जाती."

आज आमचे चौकीदार बनवारीजी सापडले होते; जोशात काका त्यांनाही मराठीतूनच सुरू झाले होते. माकडामागे काठी घेऊन धावत होते.

"भाग गया, साहब."

"भागेगा ही! उसका पैर जमीन पर रुकता कहाँ है? आप तो हर कदम पर ठप्पा मारते हो!"

मी वरून ओरडले, "काका, काकू उद्या येतायत ना?"

"बघू," म्हणाले आणि लगेच माकडाकडे वळले.

हे 'बघू' मी आठवडाभर ऐकत होते. सुमनकाकूंना कंपवात आहे. दिवाळीपासून त्या दाराबाहेर पडलेल्या नाहीत. मधे एक पॅसेज, बस. पण आमच्या या चार मराठी घरांत त्यांच्याशिवाय हळदीकुंकू कधी झालं नव्हतं.

वड्या थापून ताटली घेऊन मीच गेले. दार उघडं. हॉलभर फरशीवर निळ्या टेपच्या आडव्या पट्ट्या. म्हटलं, झालं, म्हाताऱ्याने घरातच ट्रॅक आखला!

मग काकू दिसल्या. एकेक पट्टी ओलांडत दाराकडे येत होत्या. काका त्यांच्यासमोर, उलटे चालत.

"हात हलव, सुमन. आता ही पट्टी. घाई नाही."

काकांच्या तोंडून 'घाई नाही' मी पहिल्यांदाच ऐकलं.

उंबऱ्याशी पट्ट्या संपल्या आणि काकूंचे पाय जागीच थिजले. पुढे नाही, मागे नाही.

"पट्टी दिसली की पाऊल उचलतं तिचं," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हापासून पावलांबद्दल मिळेल ते वाचत सुटलोय. पॅसेजमध्येही लावली होती टेप. सोसायटीच्या कमिटीने काढायला लावली. वाईट दिसतं म्हणे."

"राहू दे गं मीना," काकू म्हणाल्या. "पुढच्या वर्षी येईन."

काका टेपचं रीळ हातात उगीच फिरवत राहिले.

"वड्या कडक झाल्यात, जपून खा," मी म्हणाले आणि घरी आले.

१७ जानेवारी. सकाळी पॅसेज झाडून घेतला, रांगोळीचा डबा काढला आणि त्यांच्या उंबऱ्यापासून माझ्या दारापर्यंत आडव्या रेघा ओढल्या. चांगल्या जाड. हळदीकुंकवाच्या दिवशी सवाष्णीच्या दारची रांगोळी पुसायला सांगायची कमिटीची काय बिशाद!