वरच्या आजोबांची संमती

"बाकी सगळं ठीक आहे," तपासनीस बाई जिना उतरता उतरता म्हणाल्या, "फक्त वरच्या आजोबांची संमती राहिली."

कवळीवाल्याच्या हातातला ट्रे खाली पडता पडता राहिला. घरात तो आणि त्याची बायको अशी दोनच माणसं. खाली दातांच्या कवळ्या बनवायचं त्याचं दुकान, मागे स्वयंपाकघर. वर झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर. आजोबा म्हणावं असं त्या घरात काही असेल तर ते घरच.

"कुठले आजोबा?"

"खिडकीपाशी खुर्चीत बसलेत ना, ते. डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. झोपेतसुद्धा हसत होते हो! पण एक विचारू? तुमच्यासारख्याच्या घरात राहून त्यांच्या तोंडात एकही दात नाही?"

बाई निघून गेल्या. नवरा-बायको एकमेकांना ढकलत वर गेले. खोली रिकामी होती. खिडकीपाशी घराबरोबरच मिळालेली जुनी खुर्ची होती. कवळीवाल्याने तिच्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"कोमट आहे."

"ऊन लागलं असेल."

बाहेर सकाळपासून ढग होते.

ते घर शहराच्या वारसा आयोगाने संरक्षित ठरवलेलं होतं. तिथे खिळा ठोकायचा तरी आयोगाला विचारावं लागे. पूर्वी काही घरमालकांनी दुरुस्तीच्या नावाखाली म्हाताऱ्या भाडेकरूंना अलगद बाहेर काढलं होतं. तेव्हापासून आयोगाने नियम केला होता की घरात जितकी माणसं राहतात तितक्या सगळ्यांनी तपासनिसासमोर, घरच्यांच्या गैरहजेरीत, तोंडाने होकार द्यायचा. नियम चांगलाच होता. चांगल्या नियमांचं एक वाईट असतं, ते नेमके आपल्याला लागू होतात.

आणि परवानगीची तर घाई होती. कवळीवाल्याचे सासरे शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. सगळे त्यांना कवायतमास्तर म्हणत. खुब्याचं हाड मोडून ते दवाखान्यात पडले होते. त्यांना एकच व्यसन, गप्पा. "वर एकटाच भिंतीशी बोलत बसण्यापेक्षा मी वृद्धाश्रमात जाईन," असं त्यांनी मुलीला बजावून ठेवलं होतं. म्हणून खालच्या अडगळीच्या खोलीची भिंत पाडून त्यांच्यासाठी खोली आणि न्हाणीघर करायचं होतं, म्हणजे दुकानात येणारा-जाणारा त्यांच्याशी दोन शब्द बोलेल. मुलगी रोज दवाखान्यातून रडवेली होऊन यायची.

कवळीवाला आयोगाच्या कचेरीत गेला. उंच छताच्या त्या दालनात सदस्य अर्धवर्तुळात बसले होते आणि मधे अध्यक्ष, एक निवृत्त न्यायाधीश.

"साहेब, आमच्या घरात आजोबा नाहीत."

"नाहीत?" अध्यक्षांनी चष्मा काढला. "परवा तर होते."

"परवाही नव्हते."

"मग आमच्या बाईंनी पाहिलं ते काय?"

तपासनीस बाई उठून शांतपणे म्हणाल्या, "तपकिरी कोट, अंगाने बारीक, तोंडाचं बोळकं. माझी बारीकसारीक गोष्ट चुकत नाही, सर. खिडकीची कोणती काच मागाहून बसवली तेसुद्धा मी सांगू शकते."

ते खरंच होतं. सदस्यांमध्ये कुजबुज झाली. टोकाला बसलेल्या एका वास्तुतज्ज्ञाने बाजूच्याच्या कानात सांगितलेलं सगळ्यांना ऐकू गेलं. "मागच्या प्रकरणातही मालक सुरुवातीला असंच म्हणत होता."

"कुठे ठेवलंत त्यांना?" अध्यक्षांनी आवाज चढवला.

"अहो, मी कशाला ठेवू?"

"येत्या सोमवारी बाई पुन्हा येतील. आजोबा जागेवर आणि ठणठणीत दिसले पाहिजेत. नाहीतर परवानगी विसरा, आम्ही पोलिसांना कळवू."

नसलेला माणूस आणायचा कुठून? परत येताना कवळीवाल्याच्या डोक्यात एक कल्पना आली, आणि ती आली तेव्हा त्याला फार हुशारीची वाटली. म्हातारा हवाय ना? म्हातारा आहे की आपल्याकडे!

सोमवारी सकाळी दवाखान्यातून कवायतमास्तरांना आणलं आणि रुग्णवाहिकेच्या माणसांनी त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून उचललं.

"थांबा!" मास्तर अर्ध्या जिन्यात ओरडले. "मला जिना नको म्हणून खाली खोली बांधताय, आणि त्या खोलीसाठी मला जिन्यावरून वर नेताय?"

"थोड्या वेळापुरतं, बाबा," मुलगी म्हणाली.

"मग पावलं तरी नीट टाका! डावा! उजवा! पुढच्याने गुडघा वाकवायचा नाही!"

त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि कवळीवाल्याने स्वतःचा तपकिरी कोट त्यांना चढवला.

"आता कवळी काढा."

"तुम्हीच बसवलीत, जावईबापू, आणि तुम्हीच काढताय?"

"बाबा, प्लीज. आणि बाई विचारतील त्याला फक्त हो म्हणा."

मास्तरांनी कवळी काढून दिली. मग त्यांनी समोरच्या कॉटकडे पाहून मान तुकवली, रस्त्यात ओळखीचं माणूस भेटल्यावर तुकवतात तशी. कॉट रिकामी होती. कवळीवाल्याला वाटलं, औषधाची गुंगी असेल.

तपासनीस बाई आल्या आणि नियमाप्रमाणे एकट्याच वर गेल्या. खाली नवरा-बायको जिन्याच्या तोंडाशी कान लावून उभे राहिले. आधी बाईंचा आवाज आला. मग मास्तरांचा. मग एक हसू ऐकू आलं, बारीक आणि फुसफुसतं, हवा निसटावी तसं.

"बाबा हसतायत," बायको म्हणाली.

"बाबा असे हसतात?"

तेवढ्यात वर मास्तरांचं गडगडाटी हसू ऐकू आलं, आणि त्याच्या जोडीला पुन्हा ते दुसरं. बायकोने नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला की त्याला मुंग्या आल्या.

बाई खाली आल्या त्या प्रसन्न चेहऱ्याने.

"झालं तुमचं काम. दोघांचाही होकार आहे."

"दोघांचा?" कवळीवाल्याने विचारलं.

"खुर्चीतले नवीन आजोबा आणि कॉटवरचे आधीचे. आधीच सांगायचं ना, एक लाजतात म्हणून! तुमच्यावर उगाच संशय घेतला आम्ही. मी अध्यक्षांना सांगते, खुशाल पाडा भिंत." दारात त्या थांबल्या. "इमारती कशाही टिकवता येतात हो. माणसं अशी गप्पा मारत नांदलेली बघितली की बरं वाटतं."

दार लागलं आणि दोघं धावतच वर गेली. मास्तर खुर्चीत रेलून बसले होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. कॉटच्या चादरीवर मात्र माणूस बसल्यावर पडतो तसा खळगा होता.

"बाबा, परवानगी मिळाली!" मुलीने एकदाचं सांगून टाकलं. "खोली झाली की तुम्हाला खाली नेतो. तोवर—"

"मी नाही खाली येत."

"अहो, असं काय करता?"

"पोरी, सगळा वॉर्ड माझ्या गप्पांना कंटाळला होता. डॉक्टरसुद्धा दारातूनच नाडी बघायचा. इथे मी तासभर बोललो आणि समोरचा म्हणतो, अजून सांगा." मास्तरांनी कॉटकडे बोट दाखवलं. "मी कुठे वृद्धाश्रमात जात नाही आता. मी इथेच राहतो."

मुलगी तिथेच बसून रडायला लागली. आनंदाने, भीतीने, की दोन्हीने, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिने वडिलांचा हात धरला आणि कॉटकडे पाठ होणार नाही अशी बेताने सरकून बसली.

"पण बाबा," कवळीवाला म्हणाला, "एवढा खटाटोप केला. मग खालच्या खोलीत राहणार कोण?"

मास्तरांनी कॉटच्या दिशेने कान केला. बराच वेळ ते ऐकत होते, मधूनमधून मान हलवत होते. मग त्यांनी जावयाकडे मोठ्या काळजीने पाहिलं.

"तो म्हणतो, खोली बांधून घ्या. लवकर बांधून घ्या. आणि जावईबापूंना म्हणावं, जिना जरा जपून उतरा."

कवळीवाला जिन्याच्या तोंडाशी आला, आणि खाली पाहून मुकाट्याने पहिल्या पायरीवर बसला. मग बसल्या बसल्याच, दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक पायरी करत तो खाली सरकू लागला.